ज्याची कणीक त्याचा पखवाज

विक्रोळीच्या ज्या कारखान्यात दशरथ घाडीने एकतीस वर्षं काढली, तिथल्या प्रेस शॉपमध्ये माणसं एकमेकांशी बोलत नसत, हातवारे करत. पत्रा आत जायचा, दणका बसायचा, वाकलेला पत्रा बाहेर यायचा. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते. दशरथने ते पहिल्याच आठवड्यात खिशात टाकले, कारण बोळे घातले की मशीनचा ठेका कळेनासा व्हायचा, आणि ठेकाच कळला नाही तर आठ तास उभं राहायचं कशाच्या जोरावर? दोन दणक्यांच्या मध्ये जेवढी उसंत मिळे तेवढ्यात हा मांडीवर बोटांनी भजनी ठेका बसवत असे. सुपरवायझरला वाटायचं, ह्याला खाज येते.

तेव्हा दशरथचे कान दुसऱ्या कुणी नेले नाहीत, त्याने ते स्वतःच्या हौसेने घालवले. हे तो कबूल करतो, आणि वर असंही म्हणतो की पुन्हा जन्म मिळाला तर पुन्हा तेच करीन. असल्या माणसाला समजावायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आधी उंच, बारीक आवाज गेले. दारावरची बेल गेली, कुकरची शिट्टी गेली, मग मुलीचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू यायला लागलं. जाड, खालचे आवाज मात्र राहिले. त्यामुळे पखवाज राहिला. पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा त्याला कानाइतकाच मांडीतून कळायचा, आणि मांडीला कुणी बहिरी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला वसाहतीतल्या मारुतीच्या देवळात बैठक भरते. हे रीतसर मंडळ नव्हे. मालवण-कणकवलीकडच्या तीन-चार जुन्या भजन मंडळांतली उरलीसुरली माणसं तिथे जमतात. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी रिक्षा चालवतो, कोणाची पोळीभाजीची गाडी आहे. पेटी हातोहात फिरते. ज्याच्या मनात येईल त्याने पेटी पुढ्यात ओढावी आणि अभंग सुरू करावा, बाकीच्यांनी मागून उचलावा. काय गायचं ते आधी ठरत नाही, आणि ठरवायला गेलं तर भांडणं होतात.

पखवाजाचं मात्र ठरलेलं आहे. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. पूर्वी दोन पखवाजवाल्यांत पहिल्यांदा कोणी बसायचं यावरून गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली होती. तेव्हा जुन्या लोकांनी तोडगा काढला: ज्याने देवळात येऊन कणीक भिजवली, त्याने वाजवायचं. ज्याची कणीक त्याचा पखवाज. दुसरा पखवाजवाला पुढे गावी जाऊन राहिला. नियम मात्र राहिला, आणि स्टीलच्या छोट्या डब्यात मूठभर पीठ घेऊन दशरथ बावीस वर्षं न चुकता येत राहिला.

पेटीवर बहुतेक वेळा श्यामसुंदर असतो. पेटी फिरते म्हटलं तरी फिरून फिरून ती ह्याच्याचकडे येते. माणूस सुराला पक्का आणि जिभेला त्याहून तिखट. दशरथचं आणि त्याचं बावीस वर्षांत एकदाही धड जमलं नाही, आणि एकमेकांशिवाय दोघांपैकी एकाचंही गाणं रंगलं नाही.

आता यंत्राची गोष्ट. दशरथची मुलगी श्रुतिका मुलुंडला एका ऑफिसात नोकरीला आहे. तिने बापाला कानाचं मशीन आणलं, कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं. पहिल्या दिवशी ते लावून दशरथ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. श्रुतिका भांडी लावता लावता काहीतरी गुणगुणत होती. आपली मुलगी गुणगुणते हे त्याला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. तो तिथेच उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको, प्रेमा, म्हणाली, "ओ, वाटेत कित्याक उभे? फोडणी जळता." तेही त्याला पूर्ण ऐकू आलं, आणि त्याचाही त्याला आनंद झाला.

तोच आनंद कानामागे लावून तो शनिवारी देवळात गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

श्यामसुंदरने पेटीवर सूर धरला. काळी दोन, नेहमीची. दशरथने हातोडी घेतली आणि पखवाजाची उजवी बाजू त्या सुराला मिळवायला बसला. पण सूर थरथरत होता. क्षणात वर, क्षणात खाली. दशरथने हातोडी थांबवली.

"श्यामसुंदरा, पेटी हलता मरे तुझी."

ती पेटी श्यामसुंदरने महिन्यापूर्वीच दुरुस्त करून आणली होती आणि भेटेल त्याला वाजवून दाखवली होती.

"माझी पेटी?" श्यामसुंदर म्हणाला. "दशरथ, तुझे कान हलतायत. पेटी जाग्यावर आहे."

"मशीन लावलंय. आता सगळा ऐकाक येता माका."

"मग ऐक ना नीट!" आणि त्याने सूर दाबून धरला.

दशरथ ऐकत राहिला आणि सुराच्या मागे धावत राहिला. सूर वर गेल्यासारखा वाटला की हातोडी मारायची. खाली आल्यासारखा वाटला की खालून उलटी मारायची. शेवटी त्याचं डोकं फिरलं. आजूबाजूची सोळा-सतरा माणसं बघत होती. तो ठोकत सुटला, आणि उजव्या बाजूची चामड्याची पुडी काठापासून मधल्या काळ्या शाईपर्यंत टरकन फाटली. यंत्रामुळे तो आवाज मात्र त्याला अगदी स्वच्छ ऐकू आला.

पखवाज बैठकीचा होता. वर्गणी काढून घेतलेला. राजेश सगळी व्यवस्था बघतो, त्याने पखवाज उचलून देवळाच्या कपाटाखाली सरकवला. त्या दिवशी टाळांवर भागवलं.

दोन दिवसांनी बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजेशचा मेसेज आला. पखवाज दुरुस्त होईपर्यंत आमचे चिरंजीव विकी ऑक्टोपॅडवर साथ देतील. आणि खाली: आपले ज्येष्ठ सदस्य श्री. दशरथ घाडी यांची टाळ विभागाच्या प्रमुखपदी नियुक्ती करण्यात येत आहे, हार्दिक अभिनंदन. त्याखाली सतरा जणांनी हात जोडले होते.

आता, बैठकीत टाळ विभाग असा काही नाही. खांबाला टांगलेल्या पिशवीत टाळ असतात. येणारा-जाणारा, ज्याला दुसरं काही येत नाही तो, पिशवीत हात घालतो आणि एक जोड काढतो. नातू घेऊन आलेल्या बायकांच्या नातवांनाही तिथलाच टाळ मिळतो. त्या पिशवीचं प्रमुखपद दशरथला मिळालं होतं. माणसाला हाकलायचं असेल तर सरळ हाकलावं. वर हार घालून हाकलणारी ही जी शहाणी जमात आहे ना, तिचा मला मनापासून राग येतो. दशरथला तर आलाच.

"घेयात ना टाळ," प्रेमा म्हणाली. "तुमका बसाक जागा दिली ता काय कमी? वयमान झाला. पुडी फाडलास ती फाडलास, आता तोंड फुगवून खंय जातालास?"

"मी खंय जाणा नाय," दशरथ म्हणाला. "मी थंयच बसतलंय."

आणि शनिवारी तो गेला. राजेशने हसून टाळ पुढे केला. दशरथने घेतला नाही. तो आपल्या नेहमीच्या जागी, पेटीच्या उजव्या हाताला, मांडी घालून बसला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. रिकामे. अडीच तास. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. समोर विकी काठ्यांनी रबराच्या चौकोनांवर ठोकत होता. बरं वाजवत होता पोरगा, उगाच खोटं कशाला बोला. पण गाणाऱ्यांच्या नजरा सारख्या त्या रिकाम्या हातांकडे जात. एकदा श्यामसुंदरसुद्धा गौळणीची ओळ चुकला. बैठक संपल्यावर कुंदा, टाळ वाजवणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी, जवळ येऊन तोंडासमोर तोंड धरून म्हणाली, "दशरथभाऊ, टाळ तरी घ्या हो. असे बसता, आम्हाला कसंतरी होतं."

"होऊं दे," दशरथ म्हणाला. "टाळ घेतलंय की तुमका बरा वाटतला, आणि माझा संपला."

मधल्या एका दिवशी श्रुतिका त्याला घाटकोपरला घेऊन गेली, जिथून मशीन घेतलं होतं तिथे. विनिता नावाची मुलगी होती, कान तपासणारी. दशरथने तिला सगळं सांगितलं. पेटी कशी हलत होती, ठोकता ठोकता पुडी कशी फाटली. ती हसली नाही. तिने मोबाईलवर पेटीचा एक लांब सूर लावला आणि विचारलं, "हा हलतोय?"

"हलता."

"आता मशीन काढा आणि फोन कानाजवळ धरा."

दशरथने तसं केलं. सूर बारीक झाला, लांब गेला, पण जागचा हलला नाही.

"काका, हे मशीन बोलणं ऐकायला बनवलंय," ती म्हणाली. "बोलताना आवाज सारखा तुटतो. पेटीचा सूर न तुटता तसाच राहतो. मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी वाजतेय, म्हणून ते तिला दाबायला बघतं. ते दाबत राहतं आणि तुम्हाला सूर हलल्यासारखा वाटतो. मी गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून देते. थोडा फरक पडेल. पण पूर्ण जाईल असं नाही सांगत."

"म्हणजे पेटी बरोबर होती?"

"मी ती पेटी ऐकलेली नाही काका," विनिता म्हणाली. "पण बहुतेक हो."

बाहेर आल्यावर श्रुतिकाला वाटलं, बाबा चिडलेत. चिडलेलाच होता तो, पण मशीनवर नाही. आपले कान मोडके असतील, पण बावीस वर्षांत त्यांनी सुराबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. जेवढं ऐकू येई तेवढं खरं ऐकू येई. ते सोडून काल आलेल्या पाहुण्यावर आपण विश्वास ठेवला आणि चारचौघांत एका सुरेल माणसाला बेसूर ठरवलं. हे त्याला खरोखरच लागलं.

"बाबा, मग आता हे घालणारच नाही का तुम्ही?" श्रुतिकाने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"घालतलंय गो. घरात घालतलंय, रस्त्यावर घालतलंय. तू बोलतस ता माका सगळा ऐकूचा आसा. फक्त देवळात नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुजाऱ्याकडून देवळाची किल्ली घेतली, कपाटाखालचा पखवाज बाहेर ओढला, रिक्षात मांडीवर घेतला आणि घाटकोपरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेऊन नवी पुडी बसवून आणला. तोवर तो तीन आठवडे तसाच पडून होता. ऑक्टोपॅडची सोय झाल्यावर दुरुस्तीची घाई कुणाला? राजेशला कळलं तसा त्याचा फोन आला. "काका, बैठकीचं वाद्य तुम्ही कुणाला विचारून नेलंत?"

"फाडतेवेळी विचारलंय नाय," दशरथ म्हणाला, "बसवतेवेळी कित्याक विचारू?"

त्या शनिवारी तो सहालाच देवळात हजर झाला. विकी ऑक्टोपॅडची वायर लावत होता. दशरथने डबा उघडला, पिठात नळाचं पाणी घातलं आणि पायरीवर बसून कणीक मळायला लागला. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटाला चिकटेल न चिकटेल अशी. मग पखवाज मांडीवर घेऊन त्याने ती डाव्या बाजूवर थापली, अंगठ्याने कडा दाबल्या आणि एक थाप मारली. माणसं यायला लागली होती. जो आला तो दारातच थबकला.

राजेश पुढे आला. "काका, आज ऑक्टोपॅड आहे. ठरलंय आपलं."

दशरथने कणकेकडे बोट दाखवलं.

"अहो, तो नियम पखवाजवाल्यांमधला! ऑक्टोपॅडला कुठे कणीक लागते?"

"म्हणानच तर," दशरथ म्हणाला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

जुना नियम मोडायचा तर तो बोलून दाखवून मोडायला हवा होता, आणि तेवढी हिंमत राजेशमध्ये नव्हती. एवढ्यात श्यामसुंदर आला. त्याने चपला काढल्या, पखवाज बघितला, दशरथला बघितलं आणि पेटीमागे बसला.

दशरथने कानामागचं मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग तो बोलला, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं.

"श्यामसुंदरा, तुझी पेटी बरोबर होती. चूक माझी. सगळ्यांसमोर बोललंय, म्हणान सगळ्यांसमोर सांगतंय."

श्यामसुंदर खाली मान घालून भात्याची कडी सोडत होता. मग मान वर करून, ओठ दिसतील असं त्याने विचारलं, "आणि आता? तू ऐकणार नाहीस आणि आम्ही तुला सांभाळून घ्यायचं?"

"सांभाळ नको. सूर धर."

श्यामसुंदरने काळी दोन धरली. दशरथ पखवाज घेऊन पुढे सरकला आणि वाकून उजवा कान पेटीच्या लाकडाला टेकवला. मागे कोणीतरी हसलं. ते त्याला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी तो उठला नसता. तसाच वाकून तो ऐकत राहिला. सूर होता. लांबचा, पण सरळ. त्याने हातोडी घेतली. नव्या पुडीवर त्याने चारच टोले दिले, हलके, आणि मग बोटाने सूर काढून श्यामसुंदरच्या तोंडाकडे बघितलं.

श्यामसुंदर कशाबद्दलही खोटं बोलेल, सुराबद्दल नाही. "लागला," तो म्हणाला.

विकीने आपणहून काठ्या खाली ठेवल्या.

अभंग झाला. दुसरा झाला. गौळण झाली. दशरथची नजर श्यामसुंदरच्या डाव्या हातावर होती, भाता हलवणाऱ्या. चाल बदलायच्या आधी तो हात निमिषभर थांबतो, लय वाढायच्या आधी तो आखडतो. बावीस वर्षं शेजारी बसून ही भाषा त्याला पाठ झाली होती. कान गेले तसा तो ह्या हातावरच वाजवत आला होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. गौळणीला तर पखवाज असा बोलला की कुंदाचे टाळ मध्येच थांबले आणि ती नुसती ऐकत बसली.

मग गजर सुरू झाला. सगळी बैठक ज्याची वाट बघते तो शेवटचा जलद गजर. लय चढली आणि श्यामसुंदर रंगात आला. रंगात आला की तो पेटी सोडतो, दोन्ही हात वर करून टाळ्या देतो आणि लोकांना उठवतो. त्याची ती ख्याती आहे, त्यासाठी मुलुंडहून माणसं येतात. त्याने भाता सोडला आणि हात वर केले. लय आता झांजेवर चालली होती. झांजेचा बारीक आवाज दशरथला पूर्वी पुसटसा तरी यायचा, आता येत नाही. समोरचा हात गेला आणि त्याच्या पायाखालचं सगळंच गेलं. दोन आवर्तनं त्याने अंदाजाने काढली. तिसऱ्याला तो अर्ध्या मात्रेने मागे राहिला, चौथ्याला बाकीचे गोंधळले, आणि भर गजरात सगळं गाणं ढासळलं.

सगळे थांबले. दशरथचं तोंड तापलं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. राजेशचं कपाळ, विकीचा ऑक्टोपॅडच्या बटणाकडे गेलेला हात, कुंदाची खाली गेलेली मान. राजेश उठला, खांबावरच्या पिशवीतून टाळांचा एक जोड काढला आणि दशरथसमोर धरला. चेहऱ्यावर माया होती. ती मायाच जास्त लागत होती.

दशरथने टाळांकडे बघितलंच नाही. तो श्यामसुंदरकडे वळला.

"परत घे."

श्यामसुंदरने बोटाने हवेत प्रश्न केला: कुठून?

"पयल्यापासून. आणि हात भात्यार ठेव. वर करू नको. माका तो दिसाक व्हयो."

आजवर श्यामसुंदरला कोणी हात खाली ठेव म्हणालं नव्हतं. लोक त्याच्याकडे बघत होते, राजेश टाळ धरून तसाच उभा होता. श्यामसुंदरने वर केलेले हात खाली घेतले, एकदा शर्टाला पुसले.

"बस रे राजेश, मध्ये येतोयस," तो म्हणाला, आणि भात्यावर हात ठेवून त्याने पहिल्यापासून घेतलं.